पोपटाचा उष्टा पेरू

औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवणं सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्यानं ते कधी केलेलं नसतं. पट्टी तीनदा दुमडायची, कडेला कात्रीनं दोन तिरके काप द्यायचे आणि उलगडायची, की खाचा तयार. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. खाचा कमीजास्त झाल्या तर रोगी सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी पितो, आणि गुण आला नाही की डॉक्टरला शिव्या देतो. मी कुंडलिक. बारामतीत तीन डॉक्टरांच्या हाताखाली मिळून बावीस वर्षं कंपौंडर होतो. तेवढ्या काळात माझी खाच चुकली हे मला एकाच व्यक्तीनं दाखवून दिलं. ती सहा वर्षांची होती आणि बोलत नव्हती.

गोष्ट सत्तावन्न सालची. तोवर बारामतीत डॉक्टर म्हणजे सगळ्यांचा डॉक्टर असे. आजोबाचा दमा आणि नातवाचा खोकला एकाच बाकावर बसून जायचा. मानसिंग डॉक्टर मुंबईहून लहान मुलांच्या वैद्यकाची वेगळी परीक्षा देऊन आले आणि दवाखान्याला पाटी लावली, ‘फक्त लहान मुलांसाठी’. लोकांनी पाटी वाचली आणि आपापसांत ठरवून टाकलं की या माणसाला मोठ्यांची परीक्षा जमली नाही, म्हणून ह्याला लहानांवर भागवायला सांगितलंय. गुडघे धरून आलेले म्हातारे मला परत पाठवावे लागत. ते जाता जाता माझ्याकडे कीव करून बघत.

डॉक्टरांची दुसरी खोड मला जास्त झोंबायची. ते औषध देत नसत. म्हणजे गरज असेल तेव्हा देत, पण दहा पोरं आली तर सहा जणांना बाटलीविना परत पाठवत. आईला सांगत, ताक पाजा, उन्हात खेळू द्या, काजळ घालू नका. घरून बाटली घासूनपुसून आणलेली बाई ती रिकामीच घेऊन जाई, आणि जाताना डॉक्टरकडे न बघता माझ्याकडे रागानं बघे, जणू मीच आत काहीतरी लपवून ठेवलंय. माझी कात्री गंजायला लागली होती.

अशात पेरूच्या ऐन हंगामात जळोचीचे सावळाराम आबा बैलगाडी घेऊन दवाखान्याच्या दारात आले. गाडीत सून फुलाबाई, नात ठमा आणि एक पाटीभर पेरू. पेरू पाहून मी खूश झालो. जवळ जाऊन बघतो तर एकही धड नव्हता. प्रत्येकाला चोच मारलेली होती.

आता हे मला समजावून सांगायला नको होतं. मूल बोलत नसेल तर त्याला पोपटाचा उष्टा पेरू खायला घालतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पोपट बोलतो, म्हणून त्याचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं. रानातला पोपट काही बोलत नाही, नुसता किंचाळतो, हे कुणी मनावर घेत नाही. आबांना हा उपाय त्यांच्या बहिणीनं, वरकुट्याच्या चंद्राबाईनं सांगितला होता. आबांचं सगळंच सढळ हातानं. त्यांनी आपल्या पेरूच्या बागेच्या राखणदाराची, म्हस्कूची, गोफण काढून घेतली, वाजवायचा पत्र्याचा डबा घरात नेऊन ठेवला आणि त्याला झाडाखाली हालचाल न करता बसायला सांगितलं. म्हस्कूला जन्मात इतकं सुखाचं काम मिळालं नव्हतं. दोन आठवड्यांत कऱ्हेकाठचे सगळे पोपट जळोचीला मुक्कामी आले. एका नातीला रोज एक पेरू पुरला असता, पण आबांनी अख्खी बाग पोपटांच्या हवाली केली. गावात लोक हसत होते. आबांना फिकीर नव्हती. ठमानं एकदा ‘आबा’ म्हटलं की बाग गेली तरी चालेल, असं ते चावडीवर सांगत.

ठमा गाडीतून उतरली ती थेट खाली ठेवलेल्या पेरूंच्या पाटीपाशी गेली आणि पेरू काढून दवाखान्याच्या पायरीवर ओळीनं मांडायला लागली. मी नाव विचारलं. तिनं वर पाहिलं नाही. मी टाळी वाजवली. तिनं एक पेरू अर्धा बोट सरकवून ओळीत आणला. मी म्हटलं, पोर बहिरी आहे. तेवढ्यात माझ्या खिशातली कात्री पायरीवर खण्णकन पडली आणि तिनं झटकन मान वळवली. म्हणजे बहिरी नव्हती. माझ्याशी बोलण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं, इतकंच.

आबांनी आत येऊन सरळ सांगितलं की बोलायचं औषध पाहिजे, आणि लाल रंगाचं असलं तर बरं. डॉक्टरांनी आधी ठमाला वजनकाट्यावर उभं केलं. म्हणजे तिला हात न लावता आधी स्वतः उभे राहिले, मग उतरले, मग तिची वाट बघत बसले. काटा हलतो हे तिला आवडलं आणि ती आपणहून चढली. अठ्ठावीस पौंड. डॉक्टरांचा चेहरा बदलला. सहा वर्षांच्या पोरीचं हे वजन नव्हे, असं त्यांनी हळूच मला सांगितलं, जणू ते माझ्या लक्षात आलं नसतं.

मग ते जमिनीवर बसले. बाहेर बाकावर सतरा पोरं आणि त्यांच्या आया, आणि हा माणूस फरशीवर मांडी घालून रिकाम्या बाटल्या ओळीनं लावतोय. ठमानं तिकडं दुर्लक्ष केलं. डॉक्टरांनी मुद्दाम एक बाटली वाकडी ठेवली. ती उठून आली, बाटली सरळ केली आणि परत गेली. डॉक्टरांना इतका आनंद झाला की मला त्यांची काळजी वाटली.

खाण्यापिण्याचं विचारायला सुरुवात झाली तेव्हा सगळी उत्तरं आबांनी दिली. पोरगी झकास जेवते, पेरूचा गुण येतोय, आता बोलणारच. फुलाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून उभी. सासऱ्यासमोर ती कशाला तोंड उघडतेय. डॉक्टरांनी जरा वेळ हे चालू दिलं आणि मग म्हणाले, आबा, बाहेर बायका रांगेवरून भांडतायत, तुमच्यासारखं वजनदार माणूस तिथं उभं राहिलं तर उपकार होतील. आबा मिशीवरून हात फिरवत बाहेर गेले. बाहेर कुणीच भांडत नव्हतं. आबा गेल्यावर मात्र भांडण सुरू झालं.

मग फुलाबाई बोलली. ठमाला सगळं अख्खं लागतं, तिनं सांगितलं. भाकरी मोडून दिली तर हात लावत नाही, अख्खी दिली तर स्वतः मोडून खाते. पेरू खायची, पण चोच मारलेला दिला की लांब ठेवायची. म्हणून मामंजींनी तो वाटून दुधात घालायला लावला. तिनं दूध सोडलं. मग भाकरीच्या पिठात मळायला लावला. तिनं भाकरी सोडली. वरणात घातला, वरण सोडलं. नवरा रावजी भवानीनगरच्या कारखान्यावर, आठवड्यातून एकदा घरी येणार, आणि तोही बापापुढं बोलणारा नव्हे. आता तीन आठवडे पोरगी फक्त फुटाणे आणि पाण्यावर आहे. हे सांगताना फुलाबाईनं पदराची गाठ सोडून दाखवली. त्यात एकेक साल काढून ठेवलेले फुटाणे होते.

“फुटाण्यात काय लपिवता येत न्हाय, डाक्तर,” ती म्हणाली. “म्हनून त्येवढंच खाती.”

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. हे आणखी कुणाला सांगितलं होतंस का, असं त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. कुणी विचारलंच नव्हतं.

आबांना आत बोलावलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. अमेरिकेतल्या एका डॉक्टरानं अशा अकरा मुलांवर लिहिलेलं आपण मुंबईत वाचलं, असं ते म्हणाले. ही मुलं वेडी नसतात, झपाटलेली नसतात, त्यांना कुणाची नजर लागलेली नसते. त्यांना वस्तू जागच्या जागी लागतात, गोष्टी रोज तशाच लागतात. बोलणं उशिरा येतं, कधी येत नाही. त्याच डॉक्टरानं पुढं असंही सुचवलंय की आयांच्या मायेत कमी पडत असावं. मानसिंग डॉक्टर फुलाबाईच्या पदराकडं बघून म्हणाले की त्या गृहस्थाला ही बाई भेटायला हवी होती.

“आबा, हिला बोलतं करायचं औषध माझ्याकडं नाही. मुंबईत नाही, विलायतेत नाही. पण ही उपाशी आहे, आणि ते आपण केलंय.”

“मग तुमी कशाचं डाक्तर?” आबांनी विचारलं.

खरं सांगतो, हाच प्रश्न मला तीन महिने पडला होता.

डॉक्टरांना राग आला नाही. ते म्हणाले, काटा सव्वीसवर आला तर मला हिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात धाडावं लागेल. तिथं नाकातून नळी घालून दूध देतील. जीव वाचेल. पण अनोळखी माणसं हात-पाय धरून नळी घालतील, आणि ही परत येईल ती पुन्हा कुणाच्याच हातचं न खाण्यासाठी, याची मला भीती वाटते. आबांचं तोंड उतरलं. तोवर त्यांना वाटत होतं की पोरगी हट्टी आहे आणि भूक लागली की खाईल.

हे बोलणं चालू असताना ठमा माझ्या टेबलापाशी आली होती. तिनं पट्टी लावलेली एक बाटली उचलली, खाचांवरून बोट वरून खाली, खालून वर फिरवलं, आणि तिचा चेहरा इतका निवांत झाला की मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. मग बोट पाचव्या खाचेवर थांबलं. तिनं नखानं पट्टी खरवडून काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी पट्टी मोजून बघितली. पाचवी खाच सुताभर खाली होती. दुसरी पट्टी कापली. तीही तिनं काढली. तिसरी मी श्वास रोखून कापली, ती तिनं राहू दिली.

डॉक्टर हे सगळं बघत होते. त्यांना तिथंच सुचलं. पारदर्शक काचेची बाटली, उकळून घेतलेली. तिच्यावर कुंडलिकची तिसरी पट्टी. दूध ठमाच्या देखत काढायचं, तिच्या देखत बाटलीत ओतायचं, काहीही मिसळायचं नाही. एका वेळेला एकच खाच. ती प्यायली तर प्यायली, नाही तर नाही, मागं लागायचं नाही. भाकरी अख्खी. पेरू अख्खा, झाडावरून तिच्यासमोर तोडलेला. आणि काही झालं तरी तिच्यापासून लपवून तिला काही द्यायचं नाही. हे शेवटचं त्यांनी आबांकडून तीनदा वदवून घेतलं.

लोकांना काय सांगायचं, असं आबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगा, दुधाचे आठ डोस दिलेत. हे आबांना पटलं. बाटलीवर पट्टी होती म्हणजे औषधच ते.

पहिल्या दिवशी ठमानं बाटली नुसती धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी एक खाच प्यायली. चौथ्या दिवशी चार. आठव्या दिवशी काट्यावर चढली तेव्हा साडेएकोणतीस. अर्धी भाकरीही खाल्ली होती. फुलाबाई पहिल्यांदा हसली आणि माझ्यासाठी अख्खे पेरू घेऊन आली. डॉक्टर शिट्टी वाजवत फिरत होते.

इथंच गोष्ट संपली असती, तर मला आज इतकी लाज वाटली नसती.

त्या रविवारी वरकुट्याहून चंद्राबाई आली. नात दूध पितेय हे बघून ती म्हणाली, अरे, पेरू लागू पडला. इतके दिवस पोटात साठला, आता गुण दाखवतोय. ऐन वेळी बंद काय केलास? आता एकच वाटी गेली तर तोंड उघडेल. आबा सोमवारी सकाळी माझ्याकडे आले, डॉक्टर भवानीनगरला कारखान्यावरची पोरं तपासायला गेलेत हे बघून. त्यांनी मला चंद्राबाईचं म्हणणं सांगितलं. मला ते चोख वाटलं. दूध तर जगातली सगळीच पोरं पितात, मग त्यात गुण कसला? गुण आला तर पेरूचाच असणार. त्यात इतके दिवस बिनऔषधाच्या दवाखान्यात बसून माझे हात शिवशिवत होते. आबांचा आवाजही नेहमीसारखा नव्हता.

“कंपौंडर,” ते म्हणाले, “म्या मरायच्या आत एकदा हाक ऐकायची हाय. येवढंच.”

मी आबांनी आणलेला उष्टा पेरू खलात कुटला, फडक्यातून गाळला, मग गाळण-कागदातून दोनदा गाळला. पाण्यासारखं निवळ झालं. चमचाभर दुधात टाकून मी स्वतः चाखलं, मला काही कळलं नाही. मी आबांना छातीठोकपणे सांगितलं की बारामतीतच काय, पुण्यातही हे कुणाला ओळखू येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ते फुलाबाईच्या नकळत बाटलीत टाकलं. ठमानं पहिल्या खाचेचा पहिला घोट घेतला आणि थांबली. मग तिनं बाटली अंगणात उपडी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली, आणि रिकामी बाटली नेऊन आबांच्या बिछान्यावर ठेवली. त्या दिवसापासून तिनं फुटाणेही सोडले. पाणी तेवढं प्यायची, तेही स्वतःच्या हातानं रांजणातून घेऊन.

शनिवारी गाडी परत दारात आली. फुलाबाईनं पोरीला खांद्यावर टाकून आणलं होतं. काटा सव्वीसवर थांबला.

डॉक्टरांनी काय झालं ते विचारलं. चावडी गाजवणारा माणूस स्वतःच्या पायांकडं बघत उभा राहिला. मी सांगितलं. कसा कुटला, कशातून गाळला, सगळं सांगितलं. डॉक्टर मला शिव्या देतील, नोकरीवरून काढतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले की तुझ्या हातात इतकी सफाई आहे कुंडलिक, ती तू तिला फसवण्यासाठी वापरलीस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुण्याची एसटी साडेदहाला सुटायची. डॉक्टरांनी इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहून फुलाबाईच्या हातात दिली आणि घड्याळ बघितलं. नऊ वाजून गेले होते. मग त्यांनी मला शेजारच्या घरची शेळी आणायला धाडलं. फुलाबाईला त्यांनी सांगितलं की हिला शब्दांनी समजावता यायचं नाही, आपण काय करतो ते हिला दिसू दे, आणि नाही जमलं तर गाडी आहेच.

अंगणात घोंगडी टाकून ठमाला बसवलं. तिच्यापुढं मी बाटली धुतली, एकदा, दोनदा, तीनदा. तिच्यापुढं कागद दुमडला. मला कळत होतं की ही पट्टी चुकली तर दुसरी बघायला ती थांबणार नाही. पट्टी लावली. डॉक्टरांनी स्वतः वाटीत शेळीचं दूध काढलं, ते काम त्यांना येत होतं हे मला माहीत नव्हतं. बाटली पट्टीच्या वरच्या टोकापर्यंत भरली. ठमा दुसरीकडं बघत होती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला सगळं दिसत होतं.

डॉक्टरांनी बाटली आबांपुढं धरली. आता आबांना शेळीच्या दुधाचा वास सहन होत नसे, हे सगळ्या जळोचीला ठाऊक होतं. त्यांनी नाक न धरता बाटली तोंडाला लावली आणि वरून बरोबर पहिल्या खाचेवर थांबले. बाटली उजेडाला धरून ठमाला दाखवली. मग डॉक्टर प्यायले, दुसऱ्या खाचेपर्यंत. मग मी. माझा घोट जरा मोठा झाला आणि दूध तिसऱ्या खाचेच्या खाली गेलं. ठमानं माझ्याकडं पाहिलं. तिनं आयुष्यात माझ्याकडं थेट पाहिलं ते तेव्हा, आणि त्यात काही कौतुक नव्हतं. मी मुकाट्यानं वाटीतलं थोडं दूध ओतून खाच बरोबर केली.

बाटली तिच्यासमोर घोंगडीवर ठेवली आणि आम्ही सगळे मागं सरकलो. आबा तेवढे जागचे हलले नाहीत. ते तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले होते आणि हळू आवाजात तिच्याशी बोलत होते.

“ठमे, म्या खोटं वागलो. आता न्हाय वागनार. तू बोल नायतर नको बोलू.”

स्टँडवर एसटीचा भोंगा वाजला. फुलाबाईनं चिठ्ठी पदरात बांधली आणि उठायला लागली. डॉक्टरांनी हातानंच तिला थांबवलं.

ठमानं हात पुढं केला. बाटली घेतली नाही. तिनं आबांचा अंगठा धरला, राकट, चिरा पडलेला, आणि तो ओढत नेऊन बाटलीवर चौथ्या खाचेपाशी टेकवला. नीट टेकला नाही म्हणून थोडा खाली सरकवला. आबांनी बाटली मुठीत धरली आणि तिनं ती, अंगठ्यासकट, तोंडाला लावली. दूध अंगठ्यापाशी आलं तशी थांबली. अंगठा पाचव्या खाचेवर नेला. परत प्यायली.

सहा वर्षांत तिनं आबांना आपणहून हात लावला नव्हता. आबा हलले नाहीत, श्वास घेतला की नाही कोण जाणे. त्यांच्या मिशीवर शेळीचं दूध होतं आणि त्यावरून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी शेळी परत द्यायला निघून गेलो. परत आलो तेव्हा बाटली रिकामी होती, एसटी गेली होती आणि फुलाबाईनं पुण्याची चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर आणून ठेवली होती.

पुढं वर्षभर ती दर महिन्याला काट्यावर चढायला येत होती. डॉक्टर एकदा जळोचीच्या शाळेत जाऊन आले आणि तिला दारापाशी बसू द्यायचं, शेवटची घंटा व्हायच्या आधी तिला तसं सांगायचं, एवढं मास्तरांकडून कबूल करून घेतलं. दर महिन्याला ते फुलाबाईला दोन-चार गोष्टी विचारत आणि वहीत लिहून घेत. औषध एकदाही दिलं नाही. पट्टी मात्र मी दर महिन्याला कापून देत होतो, आणि नापसंत झाली तर नवीन कापत होतो. आबांनी घरी जाताच म्हस्कूच्या हातात गोफण परत दिली होती. म्हस्कू अजून नाराज आहे.

दुसऱ्या हंगामात आबा पाटीभर पेरू घेऊन आले. सगळे अख्खे. वरचा तेवढा एक अर्धा खाल्लेला, आणि तो ते डॉक्टरांना देईनात. मी निरखून पाहिलं, चोचीची खूण नव्हती. लहान दातांची होती. ठमानं बागेत पेरू खाता खाता निम्मा त्यांच्या हातात ठेवला होता, तिचा तिनं. तो आबा फडक्यात गुंडाळून बारामतीपर्यंत आम्हाला दाखवायला घेऊन आले होते. दाखवून झाल्यावर ते आमच्यासमोर तो खायला लागले.

“पोपटाचं उष्टं खाल्लं तर पोपटावानी बोलता येतं म्हनत्यात,” ते म्हणाले. “मग हिचं खाऊन मला हिच्यावानी गप बसता आलं तर बघतो.”

औषध लागू पडलं असं मला वाटलं नाही. आठ दिवसांनी बाजारात गेलो तर आबा पेरूंमागं बसून हीच गोष्ट एका गिऱ्हाइकाला सांगत होते, आणि मला पाहून त्यांनी ती परत पहिल्यापासून सुरू केली. शेजारी ठमा पेरू ओळीनं मांडत होती. गिऱ्हाइकानं बोलता बोलता ओळीच्या मधला एक पेरू उचलला. आबा वाक्य अर्धवट टाकून गप्प झाले, पाटीतून तेवढ्याच आकाराचा पेरू शोधून काढला, त्या रिकाम्या जागी ठेवला, आणि ठमानं तो सुताभर सरकवून नीट करेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.